डॅलस की मेलबर्न: मुलांच्या शाळेच्या काळजीने विचारलंत म्हणून

ताई,

तुमचा प्रश्न वाचला. यजमानांना कंपनी डॅलस किंवा मेलबर्न यांतलं एक निवडायला सांगते आहे. डॅलसला पगार जास्त, ओळखीची माणसंही तिथेच. पण मुलगी १३ वर्षांची, मुलगा ८ वर्षांचा, आणि शाळांतल्या गोळीबाराच्या बातम्यांमुळे तुमचं मन धजत नाही. ही भीती खरी की बातम्यांनी वाढवलेली, असं तुम्ही विचारलंत. मी डॅलसच्या उपनगरात राहते, माझी दोन्ही मुलं इथल्याच पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे सरकारी शाळेत शिकली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पगारातला फरक सोसण्यासारखा असेल तर मेलबर्नला जा. हे आधीच सांगून टाकते. पण डॅलसच ठरलं तर पुढचं नीट वाचा, कारण तुमची भीती खरी असली तरी तुम्ही धोका फक्त शाळेच्या फाटकाशी शोधता आहात.

शाळेचं आधी बोलू. मे २०२२मध्ये आमच्याच टेक्सस राज्यात, युवाल्डी गावातल्या प्राथमिक शाळेत, १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. मारेकरी १८ वर्षांचा होता. वाढदिवस झाल्यावर लगेच त्याने दोन रायफली रीतसर विकत घेतल्या होत्या. पोलीस तासाभराहून जास्त वेळ वर्गाबाहेर थांबून राहिले. त्या आठवड्यात मुलांना शाळेत सोडताना माझे हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते. पुढे २०२३मध्ये टेक्ससने प्रत्येक शाळेत सशस्त्र अधिकारी ठेवण्याचा कायदा केला, पण रायफल घेण्याचं वय १८च ठेवलं. २०१८मध्ये पार्कलंडच्या शाळेत १७ जण गेले तेव्हा फ्लोरिडाने ते वय २१ केलं आणि धोकादायक वाटणाऱ्या माणसाच्या बंदुका कोर्टाच्या हुकमाने काही काळ काढून घेण्याची सोय केली. टेक्ससमध्ये तशी सोय नाही. म्हणजे नुसतं ‘अमेरिका’ म्हणून भागत नाही, राज्य कुठलं हे आधी बघावं लागतं.

लॉकडाउन ड्रिल, म्हणजे शाळेत बंदूकधारी शिरला तर काय करायचं याचा सराव, तुमच्या मुलालाही करावी लागेल. दिवे बंद, दाराला कुलूप, सगळ्यांनी कोपऱ्यात गप्प बसायचं. शाळा ठरवताना दोन गोष्टी विचारा: ड्रिल आहे हे पालकांना आणि मुलांना आधी कळवतात का, आणि गोळ्यांचे खोटे आवाज वगैरे काढून प्रसंग खरा वाटावा असं काही करतात का. करत असतील तर शांतपणे पण ठाम विरोध करा. लहान मुलांना घाबरवून कुणी सुरक्षित होत नाही.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. शाळेच्या आवारात होणारे खून हे या देशातल्या मुलांच्या एकूण खुनांपैकी शेकडा तीनही नसतात. तरीही २०२०मध्ये बंदुकीने मोटार अपघातांना मागे टाकलं आणि १ ते १९ वयातल्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण ती झाली. ही मुलं बहुतेक घरांत, मित्रांकडे, रस्त्यावर जीव गमावतात. कुणाचा खून होतो, कुणी आत्महत्या करतं, कुणाच्या हातून खेळताना गोळी सुटते. शाळेत जी बंदूक पोचते तीसुद्धा बहुतेक वेळा घरातूनच निघालेली असते. सीक्रेट सर्व्हिस या अमेरिकी सरकारच्या सुरक्षा यंत्रणेने २०१९मध्ये शाळांतल्या हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंदूक वापरणाऱ्या हल्लेखोरांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातलगांच्या घरातून मिळवली होती.

हे फक्त अमेरिकेत होतं असंही नाही. जर्मनीत विनेंडनला २००९मध्ये १५ जणांना मारणाऱ्या मुलाने वडिलांचं पिस्तूल वापरलं. ते कुलपात नव्हतं. बेलग्रेडला २०२३मध्ये १३ वर्षांच्या मुलाने वडिलांचीच पिस्तुलं शाळेत नेली, १० जण गेले. फिनलंडमध्ये २०२४ला १२ वर्षांच्या मुलाच्या हाती नातलगाचं रिव्हॉल्व्हर लागलं. फरक पडतो तो त्यानंतर काय झालं यात. जर्मनीने परवानाधारकाच्या घरी जाऊन बंदूक कशी ठेवली आहे हे तपासण्याचा अधिकार प्रशासनाला दिला. मिशिगनमध्ये ऑक्सफर्डच्या शाळेतल्या २०२१च्या गोळीबारानंतर मुलाच्या आईवडिलांनाच २०२४मध्ये तुरुंगात धाडलं, आणि राज्याने बंदूक कुलपात ठेवणं सक्तीचं केलं. टेक्ससमध्ये भरलेली बंदूक मुलाच्या हाती लागेल अशी ठेवणं गुन्हा आहे, पण आधी येऊन कुणी बघत नाही. जे कळायचं ते अनर्थ झाल्यावर कळतं.

म्हणून मुलाला कुणाकडे खेळायला किंवा मुलीला स्लीपओव्हरला पाठवण्याआधी विचारा. मी फोनवर ॲलर्जी सांगते, कुत्रा आहे का, स्विमिंग पूलला कुंपण आहे का विचारते, आणि त्याच ओघात, “घरात बंदूक आहे का? कुलपात असते ना?” आजवर कुणी रागावलं नाही. काहींनी तर सेफ उघडून दाखवली. आपल्या लोकांनाही विचारा, आणि इथे संकोच बिलकुल करू नका. ग्रीन कार्ड झाल्यावर बंदूक घेतलेली घरं आपल्यातही आहेत, आणि ती कपाटात साड्यांखाली ठेवलेली असू शकते. तुमची मुलगी १३ची आहे. या वयात नवा देश, नवी भाषा, मैत्रिणी तुटलेल्या, मन फार खाली जाऊ शकतं. अशा एखाद्या वाईट रात्री हाताशी बंदूक असणं आणि नसणं यात जीव वाचण्या-न वाचण्याचा फरक असतो.

कायदा बदलेल, या आशेवर निर्णय घेऊ नका. बंदुकीचा हक्क इथल्या राज्यघटनेत १७९१पासून आहे. तो हक्क व्यक्तीचा आहे असं सुप्रीम कोर्टाने २००८मध्ये म्हटलं आणि २०२२मध्ये तो घराबाहेरही मान्य केला. टेक्ससमध्ये २०२१पासून बहुतेक प्रौढांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगून फिरता येतं. माझे शेजारी शिकारीला जाणारे, अडीअडचणीला धावून येणारे लोक आहेत, त्यांच्या बंदुका नीट कुलपात असतात. गावाकडे पोलीस यायला वेळ लागतो हे त्यांचं म्हणणंही मला समजतं. पण १८ वर्षांच्या मुलाला रायफल इतक्या सहज मिळावी, याचं कुठलंही समर्थन मला पटलेलं नाही. मे २०२३मध्ये ॲलनच्या मॉलमध्ये ८ जण मारले गेले. ॲलन म्हणजे डॅलसचंच उपनगर, आपले कितीतरी लोक तिथे राहतात. त्या आठांत एक तरुण भारतीय इंजिनिअर मुलगी होती.

मेलबर्नचं चित्र वेगळं आहे. एप्रिल १९९६मध्ये टास्मानियात पोर्ट आर्थरला ३५ जण मारले गेले, आणि पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी १२ दिवसांत सगळ्या राज्यांना एका करारावर आणलं. ते उजव्या पक्षाचे होते, त्यांचेच मतदार चिडले होते, तरी मागे हटले नाहीत. सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. आता तिथे बंदूक हवी तर कारण द्यावं लागतं, आणि ‘स्वसंरक्षण’ हे कारण चालत नाही. धोका शून्य आहे असं मात्र समजू नका. मेलबर्नमध्येच मोनाश विद्यापीठात २००२ला दोन विद्यार्थी मारले गेले होते, त्यानंतर पिस्तुलांचे नियम कडक झाले. डिसेंबर २०२५मध्ये सिडनीच्या बाँडायला १५ जण गेले, आणि हल्लेखोर बापलेकांपैकी बापाकडे परवाना होता. पण प्रत्येक वेळी तो देश कायदा पुन्हा तपासायला बसला. मुलं वाढवायला मला तसा देश हवासा वाटतो.

डॅलसलाच यायचं झालं तर यजमानांना एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवा. एच-१बी, एल-१ अशा नोकरीच्या किंवा एच-४सारख्या कुटुंबाच्या व्हिसावर असताना बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, शिकारीचा परवाना असल्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. टीममधलं कुणीतरी शनिवारी शूटिंग रेंजवर चला म्हणतं, हातात बंदूक देतं, फोटो काढतं. तिथल्या तिथे नाही म्हणावं. पुढे ग्रीन कार्डच्या वेळी ते अंगाशी येऊ शकतं, आणि वकिलाला आधी विचारल्याशिवाय शिकारीच्या परवान्याच्या भरवशावरही जाऊ नये.