‘मावशी, गार्ड उशिरा दिसतोय’

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी फोन आला. पलीकडून एक आई म्हणाली, “ताई, मुलाचं फुटबॉल बंद करावं का, एवढंच सांगा. बाकी काही नको.”

मी न्यू जर्सीत समुपदेशन करते. सुरुवातीच्या वर्षांत हा प्रश्न घेऊन कुणी मराठी घर माझ्याकडे आलेलं आठवत नाही. आपली मुलं बुद्धिबळ, टेनिस, फार तर सॉकर. आता दर फॉलला, म्हणजे सप्टेंबर-नोव्हेंबरात, एखाद-दुसरं घर येतंच. (इथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर धडकायचं ते. नाशिकच्या आजीला हा फरक अजून पटलेला नाही. “पाय लावतच नाहीत, मग नाव कशाला?” या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.) या कुटुंबाची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा १६ वर्षांचा, अकरावीत. शाळेच्या मुख्य संघात लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीमागे उभा राहून चेंडू घेऊन येणाऱ्याला अडवणारा. आई त्याला अजून ‘सोन्या’ म्हणते आणि तो ८८ किलोंचा सोन्या मान खाली घालून ते ऐकून घेतो. बाबा दर शुक्रवारी रात्री मॅचला जाऊन फोनवर शूटिंग करतात आणि नाशिकच्या ग्रुपवर टाकतात. आईही जाते, पण बसत नाही. ती पार्किंग लॉटमध्ये फेऱ्या मारते आणि स्टँडमधून ओरडा आला की थांबते. नववीत त्याने नाव दिलं तेव्हा नवरा-बायकोत बरीच वादावादी झाली आणि शेवटी तडजोड म्हणून एक नियम ठरला: डोक्याला एकदा जरी मार बसला, तरी त्या दिवसापासून खेळ बंद. शहाणा नियम वाटतो ना? मलाही वाटला होता.

आता सोन्या म्हणत होता, कम्प्युटर सायन्स वगैरे काही नको, मला लाइनबॅकर म्हणून एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, जायचंय. आईची झोप उडाली होती. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ती वाचत बसायची. ज्युनियर सेआऊ या लाइनबॅकरबद्दल तिने वाचलं होतं. तो २० सीझन खेळला, २०१२ मध्ये ४३व्या वर्षी त्याने आयुष्य संपवलं आणि नंतर त्याच्या मेंदूत सीटीई हा वारंवारच्या माराने होणारा आजार आढळला. बोस्टन विद्यापीठाचा २०१७ चा अभ्यासही तिने वाचला होता: एनएफएल खेळलेल्या १११ जणांचे मेंदू तपासले, ११० मध्ये सीटीई. “म्हणजे नव्याण्णव टक्के, ताई!”

तसं नाही, हे तिला आधी सांगावं लागलं. ते मेंदू दान केलेले होते. बऱ्याच घरांना आधीपासून काहीतरी बिनसल्याचा संशय होता, म्हणून त्यांनी दिले. त्यावरून सगळ्या खेळाडूंचा हिशेब मांडता येत नाही, शाळेत खेळणाऱ्या मुलाचा तर नाहीच. शिवाय सीटीईचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. पण तिची भीती निराधार होती असंही नाही. धोका वर्षानुवर्षं साठत गेलेल्या धडकांचा असतो, ज्या धडकेनंतर काहीच जाणवत नाही तिचासुद्धा. आणि लाइनबॅकरचं कामच धडकायचं आहे.

पहिल्या भेटीत मी चूक केली. मुलासमोर आकडे ठेवले. शाळेत फुटबॉल खेळणारी दहा लाखांच्या आसपास मुलं, त्यातली साधारण सात टक्के कॉलेजात खेळतात, आणि कॉलेजातून ड्राफ्टच्या (एनएफएल संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेच्या) उंबरठ्याशी आलेल्यांपैकी जेमतेम दीड टक्का एनएफएलमध्ये पोचतात. ३२ संघ, प्रत्येकात ५३ खेळाडू. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “१.६ टक्के, मावशी. आणि करिअर सरासरी ३.३ वर्षं, असं प्लेअर्स युनियन सांगते. पेन्शनला तीन सीझन लागतात. मला माहितीये.” मग त्याने खिडकीचं ब्लाइंड खाली ओढलं, खुर्ची भिंतीकडे वळवली आणि तासभर ‘हो’, ‘नाही’, ‘आयडीके’ (आय डोन्ट नो). मी नोंदवहीत लिहिलं: सहकार्य नाही.

दुसऱ्या भेटीत मी आकडे मिटून ठेवले. म्हटलं, “मला तुझा खेळ ओ की ठो कळत नाही. तू नक्की काय करतोस ते शिकव.”

त्याने आधी ब्लाइंड ओढलं. मग टेबलावरच्या डबीतले पेपरक्लिप ओतले, त्यांतले चार ओळीत लावले. ही डिफेन्सची पुढची फळी. तिच्या मागे तीन खोडरबर: सॅम, माइक, विल, ही जागांची नावं. हे लाइनबॅकर. मधला माइक म्हणजे तो. मागे पेनांची टोपणं. पलीकडे दुसऱ्या संघाची फळी माझ्या व्हिजिटिंग कार्डांची. गेले दहा दिवस घरात तोंड न उघडणारा मुलगा पंचवीस मिनिटं सलग बोलला. माइकने पुढच्या फळीला कुठे उभं राहायचं ते ओरडून सांगायचं. एनएफएलमध्ये तर डिफेन्समधल्या एकाच खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येतो, त्याच्या हेल्मेटवर हिरवा ठिपका असतो, आणि तो बहुतेक वेळा मधला लाइनबॅकर. २००८ पासूनची पद्धत. बोलता बोलता ल्यूक कीक्लीचं नाव निघालं. कॅरोलायना पँथर्सचा हा माइक. समोरचा संघ काय खेळणार हे तो चेंडू हलायच्या आधीच ओळखून ओरडायचा. सोन्याच्या डोळ्यांत पहिल्यांदा चमक दिसली.

“तुला कसं कळतं चेंडू कुठे जाणार?”

“चेंडूकडे बघायचंच नसतं. चेंडू खोटं बोलतो. मी गार्डकडे बघतो.” त्याने एक कार्ड बोटाने तिरकं सरकवलं. “हा गार्ड. त्याचं पहिलं पाऊल जिकडे, तिकडे प्ले, म्हणजे चाल. पाऊल पडलं की मी निघालो. अर्धा सेकंद पण नाही.” मग कार्डावरचं बोट तसंच ठेवून, स्वतःशीच बोलल्यासारखा: “मागचे दोन-तीन आठवडे गार्ड उशिरा दिसतोय.”

मी पेन खाली ठेवलं. “उशिरा म्हणजे?”

“म्हणजे दिसतो, पण… डोक्यात उशिरा पोचतं.”

ब्लाइंड का ओढलं जात होतं, ते मला त्या क्षणी कळलं. ऊन त्याला सहन होत नव्हतं. दोन भेटी तो माझ्या डोळ्यांसमोर ते सांगत होता आणि मी ‘सहकार्य नाही’ लिहून मोकळी झाले होते.

तीन शुक्रवारांपूर्वी टॅकल करताना (चेंडूवाल्याला धरून पाडताना) समोरच्याचा गुडघा हेल्मेटच्या बाजूला लागला होता. कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. उठला, पुढचा प्ले खेळला. सोमवारपासून केमिस्ट्रीच्या वर्गात ट्यूबलाइटखाली डोकं ठणकायचं, बसमध्ये मळमळायचं. फोनचा ब्राइटनेस अगदी खाली. आईच्या पर्समधल्या डोकेदुखीच्या गोळ्या कमी व्हायच्या, आणि आईला वाटायचं आपणच घेतल्या असतील.

“घरी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर संपलंच असतं ना. रूल आहे.”

हे इतकं सरळ होतं की मला काही बोलताच आलं नाही. मुलाचं डोकं वाचावं म्हणून केलेल्या नियमानेच त्याला डोक्याबद्दल गप्प राहायला शिकवलं होतं.

इथे जरा थांबून सांगते, कारण आई-बाप नेहमी विचारतात: मुलं तुम्हाला सांगतात ते तुम्ही आम्हाला सांगता का? सहसा नाही. पण जीवाला धोका असेल तर सांगते, आणि हे पहिल्याच भेटीत मुलाला बजावलेलं असतं. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर कोवळ्या मेंदूला तो जीवघेणा ठरू शकतो. आणि शुक्रवार चार दिवसांवर होता. मी त्याला म्हटलं, “आई-बाबा बाहेर बसलेत. तू सांगतोस की मी? पण आत्ता.” तो बराच वेळ खोडरबर फिरवत बसला. मग म्हणाला, “मी. पण तू इथेच बस.”

सांगून झालं. बाबांचं पहिलं वाक्य, “संपलं. आजपासून बंद.” मुलाने माझ्याकडे असं पाहिलं, बघ, म्हटलं होतं ना. मी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाली. जिने खेळ बंद करा म्हणून फोन केला होता, तीच. “अरे, आता बंद केलंस तर पुढच्या वेळी हा आपल्याला पाय मोडलेलाही सांगणार नाही.”

त्या आठवड्यात काय करायचं यात मत-मतांतराला जागाच नव्हती. न्यू जर्सीत २०१० पासून कायदा आहे: कन्कशनचा (मार लागून मेंदू हादरल्याचा) संशय आला की मुलाला मैदानाबाहेर काढायचं आणि डॉक्टरने लेखी दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. शाळेच्या ट्रेनरने सीझनआधी घेतलेली कम्प्युटरवरची चाचणी पुन्हा घेतली, प्रतिसाद मंदावलेला निघाला. डॉक्टरांनी आधी डोकेदुखी पूर्ण थांबू दिली, मग पायरीपायरीने: चालणं, धावणं, एकट्याने ड्रिल, आणि धडक सगळ्यात शेवटी. एका पायरीवर किमान एक दिवस, त्रास झाला की एक पायरी मागे. जवळजवळ चार आठवडे गेले. केमिस्ट्रीची परीक्षा पुढे ढकलून घेतली. बाबांना एका गोष्टीने थोडा धीर आला, की इथल्या शाळांत सीझनमध्ये सरावातली पूर्ण धडकाधडक २०१९ पासून आठवड्याला १५ मिनिटांवर आणली आहे.

घरातला नियम बदलायला मात्र दोन भेटी लागल्या. बाबांना नियम हवाच होता, आणि त्यात चूक काही नाही. फक्त तो कशावर लावायचा हा प्रश्न होता. शेवटी ठरलं ते असं: सांगितलं म्हणून खेळ कधीच बंद होणार नाही, लपवलं तर त्या सीझनपुरता होईल, आणि मार बसल्यावर परत कधी खेळायचं ते डॉक्टर ठरवतील. दुसरं कन्कशन झालं तर सगळे मिळून पुन्हा बसायचं. हा शेवटचा मुद्दा मुलानेच घातला.

करिअरचं बोलणं त्यानंतर, डोकं शांत झाल्यावर. मी त्याला स्वप्नातून बाहेर काढायच्या भानगडीत पडले नाही. म्हटलं, तुझ्या जागेवर खेळलेल्या माणसांची आयुष्यं काढून आण, नुसते हायलाइट्स नकोत. कीक्ली त्याने आधी आणला. २०१२ मध्ये पहिल्या फेरीत निवड, दुसऱ्याच वर्षी लीगमधला सर्वोत्तम बचावपटू, आणि जानेवारी २०२० मध्ये, २८व्या वर्षी, निवृत्ती. २०१६ मध्ये डोक्याला मार लागल्यावर मैदानावरच्या छोट्या गाडीतून बाहेर नेताना तो रडत होता, ती क्लिप सोन्याने आधी कधी शेवटपर्यंत पाहिली नव्हती. मग ख्रिस बोरलँड. सॅन फ्रान्सिस्कोकडून एक सीझन चांगला खेळला आणि २०१५ मध्ये २४व्या वर्षी डोक्याच्या काळजीने खेळ सोडला. साइनिंग बोनसचा पाऊण हिस्सा परत केला. “वेडाच आहे,” सोन्या म्हणाला. पुढच्या भेटीत त्याचंच नाव त्याने स्वतःहून काढलं. ब्रँडन चिलरही सापडला, वडील भारतीय, २००४ मध्ये ड्राफ्ट झालेला लाइनबॅकर. त्याच्यावरून भारतात निघालेल्या अमेरिकन फुटबॉल लीगपर्यंत पोचलो, तिच्यात ‘पुणे मराठाज्’ नावाचा संघ होता. त्या दिवशी बाबांनी ती बातमी नाशिकच्या ग्रुपवर टाकली, हे सांगायला नकोच.

पण त्याला धरून ठेवलं ते सॅम मिल्सने. इथलाच, न्यू जर्सीचा. उंची पाच फूट नऊ इंच, सोन्यापेक्षा इंचभर कमी. माँटक्लेअर स्टेटसारख्या छोट्या कॉलेजात खेळला. ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही. क्लीव्हलंडने काढलं, कॅनडातल्या संघानेही काढलं. मग ईस्ट ऑरेंजच्या शाळेत फोटोग्राफी आणि सुतारकाम शिकवायला लागला. तिथून १९८३ मध्ये एका नव्या लीगमध्ये, १९८६ मध्ये एनएफएलमध्ये, आणि पुढे १२ सीझन. २०२२ मध्ये, मृत्यूनंतर १७ वर्षांनी, हॉल ऑफ फेममध्ये.

मला वाटलं, आता हा म्हणणार, बघ, उंची लागत नाही. तो म्हणाला, “मावशी, त्याच्याकडे डिग्री होती म्हणून तो थांबू शकला.” मी गप्प राहिले. माझ्या तोंडून हेच वाक्य आलं असतं तर त्याने पुन्हा खुर्ची भिंतीकडे वळवली असती.

बाबांच्या मनात स्कॉलरशिप होती. डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेज-खेळांच्या खालच्या गटातल्या, कॉलेजात खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच, हे ऐकून त्यांचा चेहरा पडला. सोन्याच्या यादीत आज तशी चार कॉलेजं आहेत, शिवाय दोन वरच्या डिव्हिजनची, आणि एक असं जिथे फुटबॉलच नाही पण रोबोटिक्स चांगलं आहे. ते शेवटचं त्याने का घातलं, मी विचारलेलं नाही. विचारलं तर म्हणेल, आयडीके.

परवा आईचा मेसेज आला: “ताई, काल प्रॅक्टिसवरून आला आणि दारातच म्हणाला, डोकं दुखतंय. मी घाबरले. नंतर कळलं, दुपारी जेवलाच नव्हता. पोळी-भाजी खाल्ल्यावर थांबलं. तरी ट्रेनरला कळवलं. आज त्याला बसवून ठेवलंय, तर सकाळपासून आमच्याशी बोलत नाहीये.” खाली हसण्याच्या तीन इमोजी.