एप्कॉटमध्ये काय खायचं, काय सोडायचं

अमेरिकेत ऑरलँडोला निघालास ना, मग तिथल्या एप्कॉट या डिस्नेच्या थीम पार्कमधलं जेवण आधी समजून घे. तिथं तळ्याभोवती 11 देशांची दालनं आहेत. 1982 साली 9 होती, मोरोक्को अन् नॉर्वे नंतर आले. भारताचं नाही, उगीच शोधत फिरू नको.

‘अस्सल आहे का?’ हे सरसकट विचारू नको, पदार्थागणिक विचार. जपानची हॉटेलं मित्सुकोशी ही तिकडचीच जुनी कंपनी चालवते. इटलीच्या ‘व्हिया नापोली’त पिझ्झा लाकडाच्या भट्टीत भाजतात, अन् भट्ट्यांना नावं ज्वालामुखींची: एटना, व्हेसुव्हियो, स्ट्रॉम्बोली! काठ करपलेला, मधे मऊ लिबलिबीत. लातूरच्या बेकरीतला जाड पिझ्झा डोक्यात असेल तर तुला तो कच्चाच वाटेल, पण नेपल्सची रीत तीच.

तिखट मात्र बेताचंच. गर्दीला झेपेल असंच करतात, मराठवाड्याचं झणझणीत नान-खलिया पुण्याच्या लग्नात जसं सौम्य होतं, तसं समज.

तू शाकाहारी, म्हणून मेक्सिकन बीन्समध्ये डुकराची चरबी अन् जपानी सूपमध्ये माशाचा अर्क आहे का, हे आधी विचारायचं. गंमत म्हणजे पदार्थ जितका अस्सल, तितकी ही शक्यता जास्त. अन् हो, शेंगदाण्याची चटणी बॅगेत टाक.