'स्टेड' हे विशेषण कुठे चालतं, कुठे खटकतं

मुलीच्या बायोडाट्यात 'शांत, मर्यादशील स्वभाव' या अर्थी 'स्टेड' हा इंग्रजी शब्द लिहिला तर चालेल का, असं तुम्ही विचारलं आहे. कृपया लिहू नका. शब्दकोशातले 'गंभीर, स्थिर' हे अर्थ खोटे नाहीत, पण आजच्या वाचकाला त्यात 'जरा नीरस, चाकोरी न सोडणारी' असा सूर ऐकू येतो.

स्पेलिंग एस-टी-ए-आय-डी. हे 'स्टे' या क्रियापदाचंच जुनं भूतकाळी रूप, 'पेड', 'लेड'च्या वळणाचं. म्हणजे मुळात 'ठरलेला, स्थिरावलेला'. इंग्रज कवी मिल्टनने 1645च्या संग्रहातल्या एका कवितेत चक्क प्रज्ञेला हे विशेषण लावलं आहे, तेव्हा ती स्तुती होती. आज क्रियापदाला मात्र ई-डी लावूनच लिहायचं. 'घरी राहिला' अशा वाक्यात ए-आय-डी टाइप झालं तर साधा स्पेलचेकही ते पकडत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत.

'कंझर्वेटिव्ह'शी याची गल्लत फार होते. 'कंझर्वेटिव्ह' मतांना, राजकारणाला, पैशाच्या धोरणाला लागतं. हात राखून केलेल्या अंदाजालाही 'कंझर्वेटिव्ह एस्टिमेट' म्हणतात. तिथे 'स्टेड' कधीच बसत नाही. ते राहणीला, वागण्याला, बाह्यरूपाला लागतं. मतांनी जहाल असलेला प्राध्यापकही कपड्यांत आणि दिनक्रमात 'स्टेड' असू शकतो.

बातम्यांत ते बहुधा संस्थांबद्दल येतं: एखादी जुनी बँक आपली 'स्टेड इमेज' झटकू पाहते. मराठी करताना एकच प्रतिशब्द धरून बसू नका. संस्था असेल तर 'जुन्या वळणाची', माणूस असेल तर 'पोक्त' किंवा 'धीरगंभीर', कपडे असतील तर 'साधे, गडद रंगांचे', आयुष्य असेल तर 'चाकोरीबद्ध'. 'सनातनी' किंवा 'कर्मठ' मात्र नको. त्यात धर्म येतो, जो मूळ शब्दात नाही.

शेजारचे शब्दही तपासून वापरा. 'सिडेट'मध्ये संथ गती मुख्य, 'प्रिम'मध्ये नाक मुरडणारा काटेकोरपणा, 'स्ट्रेट-लेस्ड'मध्ये नीतिनियमांचा कडकपणा.

तुमच्या बायोडाट्यात शांतपणासाठी 'काम' (सी-ए-एल-एम), समंजसपणासाठी 'लेव्हल-हेडेड', मितभाषी असेल तर 'रिझर्व्ह्ड' लिहा. 'सोबर' टाळलेलं बरं. त्याचा पहिला अर्थ 'दारू न प्यायलेली' असा आहे.