ओसाका–कानाझावा प्रवासात त्सुरुगा स्टेशनच्या बाहेर पडावं का?

ओसाकाहून कानाझावाला जाताना त्सुरुगाला गाडी बदलायची, हातात तीन तास आहेत, आणि "एवढ्याशा गावाला एवढं अवाढव्य काँक्रीटचं स्टेशन, बाकी बघण्यासारखं काय आहे?" असं तुम्ही विचारलंय. बाहेर पडा. आणि त्या काँक्रीटवर एवढं तोंड वाकडं करू नका.

मी घाटात इंजिन चालवून निवृत्त झालो. लेक क्योटोला असते. तिच्याकडे गेलो की ती मंदिरं दाखवायला काढते आणि मी त्सुरुगाचं नाव काढतो. क्योटोहून शिनकाइसोकु नावाची साधी जलद गाडी थेट तिथपर्यंत जाते, एक्सप्रेसचे जादा पैसे पडत नाहीत. २००६ साली नागाहामा ते त्सुरुगा लाइनची वीज एसीची डीसी केली तेव्हापासून ही सोय झाली. आपण मुंबईकडे डीसीची एसी केली, यांनी उलटं! बरं, १९५७ साली तामुरा ते त्सुरुगा याच तुकड्यावर २०,००० व्होल्टची एसी आणून त्यांनीच मेन लाइनवर सुरुवात केली होती. त्सुरुगाच्या पुढे अजून एसीच आहे. वीज बदलायची म्हणून इगतपुरीला इंजिन बदलताना ज्यांनी चहा प्यायलाय त्यांना यातली मजा कळेल.

स्टेशन ३७ मीटर उंच आहे, कारण खाली जुनी लाइन आहे, बाजूला हायवे आहे आणि शिनकानसेनला, म्हणजे बुलेट ट्रेनला, सगळ्यांच्या वरून यावं लागलं. मार्च २०२४ मध्ये ती कानाझावाहून इथवर आली आणि ओसाकाची थंडरबर्ड एक्सप्रेस इथेच संपायला लागली. रूळांची रुंदी वेगळी. चाकांचं अंतर बदलणारी गाडी आणायचा बेत होता, तो बारगळला, म्हणून आता माणसांनी जिने चढायचे. वर शिनकानसेन, मधे गेट, खाली एक्सप्रेस, आणि बदलायला साधारण आठ मिनिटं धरलेली. पुढच्या फुकुईची माणसं पूर्वी एकदा बसली की ओसाकालाच उतरायची, ती कुरकुरतात. बरोबरच आहे त्यांचं.

पण हे गाव रेल्वेच्या जिवावर मोठं झालंय आणि रेल्वेनेच त्याला दमवलंय. १८८२ साली बिवा तलावाकाठच्या नागाहामाहून इथल्या बंदरापर्यंत रूळ आले. जपान समुद्राच्या बाजूची ती पहिली लाइन. मधला यानागासे बोगदा तेवढा राहिला होता, तो १८८४ साली पुरा झाला आणि मग गाड्या सलग धावल्या. १३५२ मीटर लांब, आत ४० ला १ चा चढ, म्हणजे ४० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. आमचा कसारा घाट ३७ ला १, त्यामुळे या आकड्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको. फक्त आमच्याकडे वीज होती, यांच्याकडे कोळसा. १९२८ मध्ये एक मालगाडी त्या बोगद्यात चढावर अडकली आणि इंजिनावरची माणसं धुराने गुदमरून गेली. पुढे बोगद्याच्या तोंडाला पडदा लावायची सोय केली. गाडी आत शिरली की पडदा टाकायचा, म्हणजे मागून हवा आत येत नाही आणि धूर गाडीबरोबर पुढे ओढला जात नाही. त्सुरुगाच्या इंजिन शेडने तर धुराड्यावर बसवायचं धूर मागे वळवणारं यंत्र बनवलं, ते त्सुरुगाच्याच नावाने ओळखलं जातं. शेडमधल्या माणसांनी स्वतःसाठी केलेलं काम असं असतं.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी मी लिहायला बसलो.

१९६२ साली त्सुरुगाच्या उत्तरेला होकुरिकु बोगदा सुरू झाला. १३,८७० मीटर, तेव्हा देशातला सर्वांत लांब. जुन्या घाटातले चढ, गाडी पुढे-मागे करून चढवायची स्टेशनं, मागून लावायची इंजिनं, सगळं एका फटक्यात संपलं. पण नियम जुनेच राहिले: गाडीत आग दिसली की जिथे असाल तिथे थांबायचं. १९६९ मध्ये निहोनकाई गाडीला याच बोगद्यात आग लागली. ड्रायव्हरने थांबवलं नाही, गाडी बाहेर काढली, बाहेर आग विझवली, कुणाला काही झालं नाही. त्याला शिक्षा झाली. नियम मोडला म्हणून!

६ नोव्हेंबर १९७२, मध्यरात्रीनंतर, ओसाकाहून आओमोरीला निघालेल्या कितागुनी एक्सप्रेसच्या जेवणाच्या डब्याला आग लागली. या ड्रायव्हरने नियम पाळला. बोगद्याच्या आत गाडी उभी केली, जळता डबा तोडायला घेतला, तेवढ्यात वरची वीज गेली आणि गाडी जागची हलेना. ३० माणसं गेली, सातशेच्या वर जखमी. समोरून येणारी एक गाडी आत थांबली आणि तिने दोनशेहून जास्त लोकांना बाहेर काढलं. ज्याने नियम पाळला त्याच्यावर खटला चालला, १९८० साली तो निर्दोष सुटला. आणि १९६९ च्या ड्रायव्हरची शिक्षा मागाहून रद्द झाली. होक्काइदोमध्ये चालत्या गाडीला मुद्दाम आग लावून चाचण्या घेतल्या, तेव्हा कागदावर आलं की बोगद्यात थांबू नका, बाहेर पडा.

माझे मेव्हणे कारखान्यात सेफ्टीला होते. एकदा घाटात चढताना माझ्या असिस्टंटने मागच्या वॅगनमधून धूर येतोय म्हणून सांगितलं. ब्रेक चिकटले होते. पुढे बोगदा, आम्ही तोंडाशी. मी तशीच गाडी बोगद्याच्या पार काढली आणि उघड्यावर उभी केली. वरिष्ठांनी कागद बघितले आणि विषय संपला. मेव्हण्यांचा संपला नाही. साखरपुडा असो, बारसं असो, पंगतीत पहिला भात वाढला की सुरू: "भावजी, ड्रायव्हरने डोकं चालवायचं नसतं, गाडी चालवायची असते. नियम म्हणजे नियम." बायको म्हणायची, सोडून द्या. मी सोडत होतो, कारण माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. त्सुरुगाच्या बंदरावर जुन्या स्टेशनच्या धर्तीवर बांधलेलं छोटं रेल्वे संग्रहालय आहे, तिथून परतताना लेकीने मला ही सगळी हकीकत जपानीतून वाचून सांगितली. मी प्लॅटफॉर्मवरूनच मेव्हण्यांना फोन लावला. ते म्हणाले, "तो बोगदा तेरा किलोमीटरचा, तुमचा केवढा?" हे बघा, असा माणूस!

लांबी किती हा प्रश्नच नाही. धूर कुठे जाणार आणि माणसं कुठे उतरणार, हा आहे. ते इंजिनात बसलेल्याला दिसतं. ऑफिसात बसून नियम लिहिणाऱ्याला तीस माणसं गेल्यावर दिसलं.

असो. तुमचे तीन तास. बंदर स्टेशनपासून दोन-अडीच किलोमीटर, फिरती बस आहे. वाटेत केही देवस्थानची मोठी लाल तोरी, म्हणजे कमान, लागते. बंदरावर १९०५ ची लाल विटांची गोदामं आहेत, आणि १८८२ ची दिव्यांचं तेल ठेवायची छोटी खोली. १९१२ पासून तोक्योहून गाडी या बंदरापर्यंत यायची, पुढे बोटीने व्लादिवोस्तोक आणि तिथून सैबेरियामार्गे थेट युरोप. पॅरिसचं तिकीट मिळायचं! १९४० मध्ये जपानी वकिलातीतल्या सुगिहारांनी लिथुआनियातल्या काउनासमध्ये दिलेले व्हिसा घेऊन ज्यू निर्वासित इथेच उतरले, त्याचं मुझेउम नावाचं संग्रहालय आहे. बहुतेक लोक तेवढंच बघायला येतात, तुम्हीही बघा, चांगलं आहे. सध्याचं स्टेशन १९०९ पासून या जागी आहे, त्याआधी दुसरीकडे होतं.

यानागासे बोगद्यातून आता मोटारी जातात, एका वेळी एकाच बाजूच्या, सिग्नलला बराच वेळ उभं राहावं लागतं. गाडी भाड्याने घेणार असाल तरच त्या वाटेला जा, तीन तासांत बंदर आणि ते दोन्ही होणार नाही. हिवाळ्यात बर्फ असतो, तेव्हा तर नकोच.

हे सगळं वाचून आपल्या गाडीत धूर दिसल्यावर "काकांनी सांगितलंय, थांबायचं नाही" म्हणून साखळी ओढणाऱ्याचे हात धरू नका. मी ड्रायव्हरबद्दल बोलतोय, प्रवाशांबद्दल नाही. आणि मेव्हणे, तुम्ही हे वाचणार आहात, लेकीने लिंक पाठवलीच असेल. पंचवीस मीटर असो की तेरा किलोमीटर, उत्तर तेच आहे.