बारीक कोळसा टेलिंगमधून का वाहून जातो?

प्रश्न : रबाळे औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या कारखान्यात फ्रॉथ फ्लोटेशनसाठी (पाण्यात बुडबुडे सोडून कोळसा फेसाबरोबर वर काढण्याच्या पद्धतीसाठी) लागणारा फ्रॉदर, म्हणजे फेस आणणारे रसायन, तयार होतो. झरियाकडील एका वॉशरीत, म्हणजे कोळसा धुण्याच्या कारखान्यात, बराच बारीक कोळसा टेलिंगमधून, म्हणजे टाकाऊ गाळपाण्यातून, वाहून जातो. फ्रॉदर वाढवल्यावर कोळसा थोडा जास्त मिळाला, पण त्यातील राखही (न जळणारा खनिज भाग) वाढली. तोच कोळसा पोत्यातून मागवून आम्ही येथे तपासला, तर तो आणखीच कमी तरंगला. चूक कोठे असावी?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : फ्रॉदरमुळे बुडबुडे लहान होतात आणि फेस टिकतो, कोळशाचा कण बुडबुड्याला घट्ट धरून राहावा यासाठी कलेक्टर, म्हणजे बहुधा डिझेल किंवा रॉकेल, घालावे लागते. फ्रॉदर वाढवला की फेसाबरोबर पाणीही जास्त वर येते आणि चिकणमातीचे सूक्ष्म कण, बुडबुड्याला न चिकटताच, त्या पाण्यातून वर जातात. तुमची राख बहुधा अशीच वाढली आहे.

मात्रेला हात लावण्यापूर्वी टेलिंग ओले चाळून प्रत्येक आकारगटाचे वजन आणि राख स्वतंत्रपणे मोजावी. हे काम कंटाळवाणे आहे म्हणूनच ते टाळले जाते. ०.२५ ते ०.५ मिलिमीटरच्या गटात राख कमी निघाली, तर चांगला पण जाड कोळसा बुडबुड्यांवरून निसटतो आहे असे समजावे. अशा वेळी डिझेल पाण्यात घुसळून त्याचे बारीक थेंब करून घालावे, ढवळण्याचा अवधी वाढवावा आणि कलेक्टरचा काही भाग पुढच्या सेलमध्ये (फ्लोटेशनच्या टाकीत) द्यावा. तोटा अगदी बारीक गटात असेल, तर कोळशावर मातीचा लेप बसतो आहे का ते पाहावे. हायड्रोसायक्लोनने, म्हणजे पाणी गरगर फिरवून बारीक कण वेगळे करणाऱ्या शंकूने, गाळ आधी काढता येतो, मात्र त्याबरोबर थोडा कोळसाही जातो. त्यापेक्षा वरून धुण्याचे पाणी सोडणारा फ्लोटेशन कॉलम (उंच, उभी टाकी) मला अधिक पसंत आहे, खर्च परवडत असेल तर.

तुमच्या चाचणीबद्दल मात्र शंका आहे. पोत्यात पडून राहिलेल्या कोळशाचा पृष्ठभाग हवेतील ऑक्सिजनमुळे बदलतो, त्याला पाणी सहज भिजवते आणि तेल नीट धरत नाही. शिवाय वॉशरीचे पाणी पुन्हा पुन्हा फिरवलेले असते. त्यात क्षार, माती आणि उरलेला फ्रॉदरही असतो, जे तुमच्या नळाच्या पाण्यात नाही. ताज्या कोळशावर, तेथील पाण्यात, वॉशरीतच चाचणी घ्यावी.