पाच दिवस आधी इंच कसले मोजताय, वरची हवा बघा

म्हणजे येणाऱ्या हिमवादळासाठी सकाळच्या जीएफएसने (अमेरिकेचं हवामान मॉडेल) २४ इंच बर्फ दाखवले, संध्याकाळच्याने ४, आणि युरो (युरोपचं मॉडेल) तर वादळ सरळ समुद्रात सोडून मोकळा झालाय, मग खरं कोणाचं मानायचं, असं विचारताय ना? सध्या कोणाचंच नाही. पाच दिवस बाकी असताना बर्फाच्या इंचांचा नकाशा उघडून भांडत बसणं म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

आकडा एवढा का उडतोय ते आधी बघा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची मोठी हिमवादळं बऱ्याचदा दोन लाटांच्या भेटीतून होतात, एक कॅनडाकडून खाली येणारी थंड लाट आणि एक दक्षिणेकडून ओलावा घेऊन येणारी. या दोघी कधी आणि कुठे एकत्र येतात त्यावर सगळं ठरतं. लवकर आल्या तर लो, म्हणजे कमी दाबाचं केंद्र, किनाऱ्याला चिकटून वर चढतो, मग किनाऱ्यावर पाऊस आणि आत बर्फ, उशीर झाला की लो बाहेर समुद्रात, आणि आपण कोरडे. मॉडेलमध्ये हा फरक काही तासांचा असतो पण नकाशावर तोच २० इंचांचा दिसतो. म्हणून आत्ता ५०० मिलीबारचा, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर उंचीवरच्या हवेचा, नकाशा उघडा. पश्चिमेकडचा रिज (उच्च दाबाचा फुगवटा) कुठे उभा आहे, ग्रीनलंडकडे ब्लॉक (वाट अडवून बसलेला उच्च दाब) आहे का, उत्तरेची लाट किती खोल उतरतेय, हे दर रनला, म्हणजे मॉडेलच्या प्रत्येक नव्या गणिताला, काय बदललं ते बघा. ते स्थिर व्हायला लागलं की खालचा ट्रॅकही आपोआप स्थिर होतो.

दुसरं म्हणजे एकटा रन बघू नका, एन्सेंबल बघा, म्हणजे थोडी वेगळी सुरुवात देऊन चालवलेले त्याच मॉडेलचे अनेक रन (मेंबर). युरोचे ५० मेंबर अधिक कंट्रोल (सुरुवात न बदललेला रन), जीएफएसचे ३० अधिक कंट्रोल. सरासरीचा नकाशा पण फसवतो हं, कारण अर्धे मेंबर किनाऱ्याला आणि अर्धे समुद्रात असले की सरासरी मध्येच कुठेतरी एक पसरट लो दाखवते जो एकाही मेंबरमध्ये नसतो. प्रत्येक मेंबरचा लो कुठे पडलाय ते ठिपके बघा. न्यू इंग्लंडवाले ४० उत्तर ७० पश्चिम हा बिंदू बेंचमार्क म्हणून धरतात, लो त्याच्या आसपासून गेला की त्यांची चंगळ, ठिपके तिथे गोळा होतायत का पांगतायत तेवढं रोज नोंदवा.

६ झेड आणि १८ झेडचे (झेड म्हणजे ग्रिनिचची वेळ) रन "फालतू" असतात असं इथे कोणीतरी दर हिवाळ्यात म्हणतं. हवामानाचे बलून मुख्यतः ० आणि १२ झेडला सुटतात हे खरं, पण सॅटेलाइट आणि विमानांचा डेटा मधल्या रनलाही जातोच, त्यामुळे नावडता आकडा आला म्हणून रन फेकून देऊ नका. (आवडता आला की मात्र १८ झेडही सगळ्यांना चालतो!)

जानेवारी २०१५ आठवून बघा. न्यूयॉर्कला दोन फुटांच्या गोष्टी चालल्या होत्या, सबवे बंद केली, आणि सेंट्रल पार्कला पडले ९.८ इंच. युरो जोरात होता, जीएफएस शहरासाठी बराच कमी दाखवत होता, आणि "युरो म्हणजे राजा" म्हणत बहुतेकांनी जीएफएसकडे काणाडोळा केला. पण वादळ फसलं नव्हतं, बॉस्टनला त्यातच दोन फूट पडले, फक्त पश्चिमेची कड पूर्वेला सरकली आणि शहर नेमकं त्या कडेवर होतं. उलट जानेवारी २००० मध्ये राली शहरात २० इंच पडले आणि मॉडेल्सना अगदी शेवटपर्यंत त्याचा नीट पत्ता नव्हता. त्यामुळे तुम्ही कडेवर आहात का मध्यावर, हे मला एकूण इंचांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

इंचांकडे वळायचं ते शेवटच्या दोन दिवसांत, आणि तेव्हाही नकाशा कुठल्या हिशोबाने काढलाय ते वाचा. बरेच नकाशे एक इंच पाण्याला सरसकट दहा इंच बर्फ धरतात, काही तर स्लीटही (गोठलेल्या थेंबांचे खडे) बर्फातच मोजतात. प्रत्यक्षात तेवढ्याच पाण्यातून स्लीटची जेमतेम दोन-तीन इंचांची कडक गादी होते, आणि हवा चांगली थंड असेल तर भुसभुशीत बर्फ पंधराच्या पुढेही जातो. तुमच्या जागेचं साउंडिंग (उंचीनुसार तापमानाचा आलेख) काढा. जमिनीवर उणे तीन असलं आणि वर ८५० ते ७०० मिलीबारमध्ये कुठे एक थर शून्याच्या वर गेला असला की पाकळ्या तिथेच वितळतात, खाली येतो स्लीट किंवा गोठणारा पाऊस. हा उबदार थर मॉडेल्स बऱ्याचदा कमी दाखवतात, म्हणून बर्फ-पावसाच्या रेषेजवळ असाल तर मी नेहमी एक पायरी वाईट धरतो.

वादळाच्या दिवशी ग्लोबल मॉडेल बंद करा, एचआरआरआर (दर तासाला चालणारं अमेरिकेपुरतं बारीक मॉडेल), रडार आणि किनाऱ्यावरच्या बॉयचे (समुद्रात तरंगणाऱ्या वेधयंत्रांचे) दाब बघा. लो मॉडेलपेक्षा पूर्वेला दिसायला लागला तर पुढच्या रनची वाट न बघता कडेवाल्यांनी आपला आकडा कमी करून टाकायचा. आणि रडारवर हिरवं दिसतंय पण बाहेर काहीच पडत नाहीये असं झालं तर लगेच घाबरू नका, खालची कोरडी हवा आधी ते बर्फ खाऊन टाकते, कधीकधी दोन-तीन तास.