सगळ्यांसमोर ओरडले, आता काय करू?

प्रश्न : मी ४१ वर्षांची, एका जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात आहे. सतरा वर्षं अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) होते, गेल्या वर्षी परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इनचार्ज सिस्टर झाले आणि स्त्रियांचा मेडिसिन वॉर्ड माझ्याकडे आला. रात्री ४५ रुग्णांना दोघीच सिस्टर असतात. दोन महिन्यांपूर्वी नव्याने लागलेल्या मुलीने बारा नंबरचं इंजेक्शन अकरा नंबरला दिलं. त्या दोन्ही रुग्णांचं आडनाव एकच होतं. रुग्णाला काही झालं नाही, पण सकाळी ओव्हर (पाळी बदलताना रुग्णांची माहिती) घेताना मी तिला सगळ्यांसमोर, नातेवाइकांच्या देखत, नको नको ते बोलले. परवा इंजेक्शनच्या व्हायल (बाटल्या) मोजताना कळलं, की तिने एका आजींचा अँटिबायोटिकचा रात्रीचा डोस दिलाच नव्हता. तक्त्यावर सही मात्र होती. मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. त्या दिवशी ओरडताना माझ्या तोंडून माझ्या पहिल्या इनचार्ज सिस्टरचे शब्द जसेच्या तसे निघाले. त्यांच्या धाकाने मी कितीदा रडले होते! मी या पदाला लायक आहे का? बढती परत करू का?

उत्तर : ताई, आधी त्या आजी. चुकलेल्या डोसाची गोष्ट त्यांच्या डॉक्टरांना लगेच सांगा आणि तशी नोंद करा, हे मी पत्र मिळाल्याबरोबर तुम्हाला कळवलं होतं. इथे पुन्हा लिहिते, कारण तुम्ही गप्प राहिलात तेव्हा तुम्हीही तेच केलंत जे त्या मुलीने केलं. ती तुम्हाला घाबरली, तुम्ही तुमच्या वरच्या मेट्रनना.

पत्रात तुम्ही स्वतःला ‘वाईट’, ‘रागीट’, ‘नालायक’ म्हटलं आहे. हे शब्द थोडे बाजूला ठेवू. त्यांनी मन जड होतं, पण वॉर्डात काय घडलं ते कळत नाही. घडलं ते असं : पहिली चूक उजेडात आली, तिची शिक्षा चारचौघांत झाली, आणि दुसरी झाकली गेली. तुमच्या ओरडण्यातून ती मुलगी नेमकं काय शिकली, ते इथे दिसतं.

एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या वॉर्डांत चुका कमी सापडतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले. जिथे इनचार्ज चांगली, तिथेच नोंदवलेल्या चुका जास्त. तिथल्या परिचारिका चुका उघडपणे सांगत होत्या, म्हणून त्या कागदावर येत होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या पोटातच राहत. हा अभ्यास आठवला की मला रजिस्टर कोरं असलेल्या वॉर्डाची काळजी वाटते.

आणखी एक गोष्ट मला तुमच्या पत्रातच दिसली. ‘बारा नंबरचं इंजेक्शन अकरा नंबरला’ असं तुम्ही लिहिलंत. खाटेचा नंबर ही रुग्णाची ओळख धरायची नाही, पूर्ण नाव आणि केसपेपरचा नंबर ताडून पाहायचा, हा रुग्णसुरक्षेतला जगभरचा नियम. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे तुम्ही विद्यार्थिदशेत पाठ केलेलं. त्यातलं पहिलंच त्या रात्री हुकलं. पण वॉर्डात सगळ्या, अगदी तुम्हीही, नंबरानेच बोलता. एकाच आडनावाच्या दोघी शेजारी होत्या, तर तक्त्यावर ठळक खूण का नव्हती? संध्याकाळच्या ओव्हरमध्ये कोणी सावध केलं होतं का? या प्रश्नांची उत्तरं त्या मुलीपाशी नाहीत. वॉर्ड तुमचा आहे.

म्हणून माफी मागा, आणि तिथेच मागा जिथे बोललात. एकांतात बोलवून ‘राग मानू नकोस गं’ म्हणणं सोपं, पण अपमान ज्यांनी पाहिला त्यांना माफीही ऐकू जायला हवी. दोनच वाक्यं पुरतील. जमलं तर नवखेपणी तुमच्या हातून घडलेली एखादी चूक सांगा. सतरा वर्षांत एकही झाली नाही, असं होणार नाही.

खोट्या सहीचं मात्र वेगळं. आडनावाचा घोटाळा ही चूक. न दिलेल्या औषधापुढे सही करणं हे खोटं, आणि त्याने पुढचा डॉक्टर फसतो. हे तिला स्पष्ट सांगा, लेखी जे करायचं ते नियमाने करा. तुम्ही तिला घाबरवलंत म्हणून ते माफ होत नाही. आवाज चढवू नका, एवढंच.

पहिल्या इनचार्ज सिस्टरबद्दल. त्यांचे शब्द तुमच्यात राहिले याचं मला नवल नाही. वॉर्ड कसा चालवायचा हे तुम्हाला दुसऱ्या कोणी दाखवलंच नाही. एक छोटी वही ठेवा. रोज ड्यूटी संपल्यावर एवढंच लिहा : आज वाईट बातमी घेऊन माझ्याकडे कोण आलं, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द कोणता निघाला. स्वतःचं कौतुक नको, शिव्याही नकोत. महिनाभर ‘कोणीच आलं नाही’ असंच लिहावं लागलं, तर अजून भीती गेलेली नाही असं समजा.

बढती परत करण्याचा अर्ज लिहू नका. मेट्रनना दुसरा लिहा, रात्रपाळीला तिसरी सिस्टर मागणारा. ४५ रुग्ण आणि दोघीजणी हा आकडा पहिल्याच ओळीत घाला, आणि खाली त्या दोन्ही रात्रींच्या तारखा.